गळणारी जुनी फोर बाय फोर: कोणतं काम आधी, कोणता पार्ट केव्हा

गाडी घरी आणली तेव्हा मीटरवर २,८४,००० किलोमीटर होते. पहिल्या रात्री खाली पुठ्ठा टाकला, सकाळी त्यावर सात डाग. मी शहाण्यासारखी वही काढली, सात डागांसमोर सात सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) लिहिली, सगळी मागवून टाकली आणि सगळ्यात मोठ्या डागापासून सुरुवात केली. तो डाग इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, बरोबर त्याखाली होता. म्हणजे क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील गेलं, यात मला शंकाच नव्हती. दोन आठवड्यांच्या सुट्ट्या घालवून गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, गिअरबॉक्स चढवला. चौथ्या दिवशी डाग परत तिथेच, तेवढाच. तेल येत होतं टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून. इंजिनाच्या पाठीवरून ओघळून ते बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळाशी जमायचं आणि तिथून टपकायचं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलायला मला अर्धा तास लागला.

त्यानंतर मी कामाचा क्रम बदलला. तोच इथे मांडतो आहे. तुम्ही नुकतीच अशी गाडी घेतली असेल किंवा घ्यायच्या विचारात असाल, तर निदान माझा गिअरबॉक्स तुम्हाला दुसऱ्यांदा उतरवायला नको.

सुरुवातीला हाताशी काय हवं

कागदपत्रांत: गाडीचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर (गाडीवरून स्वतः वाचून, फोटो काढून), बनावटीचा महिना आणि वर्ष, त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल, आकृत्या असलेला पार्ट्स कॅटलॉग, आधीच्या मालकाकडे असतील ती जुनी बिलं, आणि एक जाड वही. बिलं मागायला संकोचू नका. टाइमिंग बेल्ट कधी बदलला, हे बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नाही.

हत्यारांत: रिंग आणि बॉक्स पाने, टॉर्क पाना, वजन पेलतील असे दोन जोड ॲक्सल स्टँड, चाकांना लावायच्या उट्या, व्हर्निअर कॅलिपर, सील काढायचा हुक, वायर ब्रश, चांगली बॅटरी, ग्रीस गन आणि हाताला बसणारे रबरी मोजे. गंजलेल्या बोल्टसाठी भेदक तेल लागेलच. ते काम करायच्या आदल्या दिवशी मारून ठेवा. पाना लावताना मारलेलं तेल फारसं कामाला येत नाही.

१. पैसे घालण्याजोगी गाडी आहे का, हे आधी ठरवा

गळती दिसते म्हणून मन तिथेच अडकतं. पण तेल गळणारी गाडी दुरुस्त होते. चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) कुजलेली गाडी दुरुस्त होते ती फक्त बोलण्यात. म्हणून पहिला दिवस सीलचा नाही, गंजाचा. हातोडी घ्या आणि चेसिसवर हलकेच ठोकत जा. धड लोखंडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बद्द. स्प्रिंग जिथे टेकतात त्या जागा, बॉडी माउंट, मागच्या ॲक्सलवरचा कमानीसारखा भाग आणि चिखल साचून राहतो असे सगळे कोपरे बघा. जाड काळा रंग ताजा मारलेला दिसला तर तिथे दोनदा ठोका. ब्रेकच्या आणि इंधनाच्या लोखंडी नळ्याही याच फेरीत बघून घ्या.

मग इंजिन. गरम इंजिन चालू असताना ऑइल फिलरचं झाकण सैल करून नुसतं टेकवून ठेवा. थोडी वाफ, थोडी थरथर चालते. झाकण उडायला लागलं किंवा धूर भकाभका आला तर पिस्टनच्या रिंगांमधून दाब खाली उतरतोय किंवा ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारी वाट) तुंबलाय. दोन्हींत फरक कसा करायचा ते तिसऱ्या पायरीत येईल. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, पण सिलिंडर-सिलिंडरमधला फरक आकड्यापेक्षा जास्त सांगून जातो. सगळे सारखेच थोडे खाली असतील तर ते वय आहे. एकच खूप खाली असेल तर तो आजार. पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग). डिझेलमध्ये हा तेलाचा प्रयोग करू नका. तिथे पिस्टन आणि हेडमधली जागा इतकी कमी असते की तेलामुळेच नुकसान होईल.

कूलंट कमी होतंय पण बाहेर कुठे दिसत नाही, अशी तक्रार असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी ज्वलनवायूची चाचणी करा. निळ्या द्रवाची नळी असलेला छोटा संच मिळतो. हेड गॅस्केटमधून वायू कूलंटमध्ये घुसत असेल तर द्रवाचा रंग बदलतो: पेट्रोलला पिवळा, डिझेलला हिरवट. ही चाचणी नापास झाली तर सीलची यादी बाजूला ठेवून आधी हेडचा हिशोब करा.

२. गाडी खालून धुवा, मग डाग वाचा

जुन्या गाडीच्या पोटाखाली वीस वर्षांचा चिखल आणि तेल यांचा थर असतो. त्या थरातून गळतीचं मूळ शोधणं म्हणजे अंदाजपंचे. ग्रीस काढणारं द्रव लावा, ब्रशने घासा, धुवा. पाण्याचा जोरदार फवारा सील, ब्रीदर, अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर थेट मारू नका. मग वीस-तीस किलोमीटर चालवून आणा, सपाट जागी उभी करा, खाली स्वच्छ पुठ्ठा टाका आणि पुठ्ठ्यावर चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवा. या आखणीमुळेच डाग इंजिनाखाली की ट्रान्सफर केसखाली (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याखाली), हे दुसऱ्या दिवशी नक्की सांगता येतं.

कोणतं द्रव आहे ते असं ओळखा:

- तपकिरी ते काळं, मध्यम घट्ट: इंजिन ऑइल.
- घट्ट, गंधकासारखा नाकात बसणारा वास: गिअर ऑइल. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस किंवा डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गिअरांचा गोळा).
- लाल किंवा जुनं झालं असेल तर तांबूस-काळं: ऑटोमॅटिकचं द्रव. पॉवर स्टीअरिंगमध्येही बऱ्याचदा हेच असतं, आणि काही मॅन्युअल गिअरबॉक्स व ट्रान्सफर केसमध्येही. लाल दिसलं म्हणजे ऑटोमॅटिक गेला असं धरू नका.
- हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वास: कूलंट.
- पातळ, फिकट पिवळं, बोटाला गुळगुळीत, रंग उचकटणारं: ब्रेक फ्लुइड. गाडी तिथेच उभी.
- स्वच्छ पाणी, एसी चालवल्यावर: काहीच बिघाड नाही. मी यावरही एक संध्याकाळ घालवली आहे.

डाग जिथे पडतो तिथे गळती नसते. तेल वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे ओल्या भागातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधायचा. तो सापडत नसेल तर स्वच्छ, कोरड्या इंजिनावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दहा मिनिटं इंजिन चालवा. तेलाची वाट पावडरीवर रेघ ओढल्यासारखी दिसते. याहून चिवट प्रकरण असेल तर तेलात मिसळायचा फ्लुरोसंट रंग आणि अतिनील दिवा आहेच.

बेल हाउसिंगच्या तळाशी बहुतेक गाड्यांत एक छोटं भोक असतं. तिथून टपकणाऱ्या तेलाचा वास घ्या. इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील. गिअर ऑइल असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. पण त्याआधी हात वर घालून इंजिनाची पाठ ओली आहे का बघा. पाठ ओली तर गुन्हेगार वर आहे: टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशर स्विच, नाहीतर टर्बोला जाणारी तेलाची नळी.

३. एकही सील मागवण्याआधी ब्रीदर साफ करा

सगळीकडून एकदम थोडं थोडं गळणाऱ्या गाडीत माझा पहिला संशय ब्रीदरवर असतो. इंजिनात रिंगांवरून थोडा वायू खाली उतरतोच. तो बाहेर जायचा रस्ता, म्हणजे क्रँककेसचा ब्रीदर किंवा त्याचा व्हॉल्व्ह, काजळीने तुंबला की आत दाब साठतो आणि तो दाब सगळ्यात कमजोर सीलमधून तेल बाहेर ढकलतो. तुम्ही ते सील बदलता, मग पुढचं कमजोर सील गळायला लागतं. ब्रीदर साफ केल्यावर फिलरचं झाकण उडायचं थांबलं तर रिंगा शाबूत आहेत असं समजा. तरीही उडतंय तर कॉम्प्रेशनच्या आकड्यांकडे परत जा.

दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांनाही आपापले ब्रीदर असतात. लांब चालवल्यावर आतली हवा तापून फुगते. ब्रीदर बंद असेल तर पिनियन सीलमधून (शाफ्ट डिफरन्शियलमध्ये शिरतो तिथल्या) नाहीतर ॲक्सलच्या टोकाच्या सीलमधून तेल बाहेर पडतं. उलटाही प्रकार होतो. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बंद ब्रीदरमुळे सीलच्या ओठावरून पाणी आत ओढलं जातं. मग तेल दुधाळ होतं आणि बेअरिंगांना गंज धरतो. म्हणून ओढे-नाले ओलांडणारे लोक ब्रीदरला नळी जोडून तिचं टोक बॉनेटखाली उंच नेऊन ठेवतात. हे काम पहिल्याच आठवड्यात करून टाका. माझे सात डाग नुसत्या ब्रीदरच्या सफाईने पाच झाले होते.

४. गळत्यांच्या तीन रांगा लावा

डागाचा आकार विसरा. त्या गळतीने काय बिघडतं ते बघा.

*गाडी उभी करणाऱ्या:* ब्रेक फ्लुइड, पेट्रोल किंवा डिझेल, तापलेल्या एक्झॉस्टवर टपकणारं कोणतंही तेल, रोज भरावं लागणारं कूलंट, आणि ब्रेकच्या ड्रममध्ये शिरणारं ॲक्सलचं तेल. हे शेवटचं नवख्यांच्या लक्षातच येत नाही. मागच्या ॲक्सलचं टोकाचं सील गेलं की गिअर ऑइल थेट ब्रेक शूवर. बाहेरून फक्त चाकाच्या आतल्या बाजूला काळा ओघळ दिसतो. तेल प्यायलेले शू साफ करून परत वापरू नका. बदला, आणि दोन्ही बाजूंचे बदला. ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडरही बघा, कारण ओघळ त्याचाही असू शकतो. पातळ असेल तर ब्रेक फ्लुइड, घट्ट आणि वासाचं असेल तर ॲक्सल.

*महिन्या-दोन महिन्यांत करायच्या:* डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसची सील, गिअरबॉक्स, पॉवर स्टीअरिंग, वॉटर पंप. इंजिनाला निदान डिपस्टिक असते, दिवा असतो. डिफरन्शियल कोरडा पडतोय हे सांगणारं काही नसतं, थेट आवाज येतो आणि तोवर उशीर झालेला असतो. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून कूलंटचा ओघळ दिसला तर त्याचं आतलं सील गेलं. तो पंप तुम्हाला सांगून जातोय.

*सवडीने करायच्या:* टॅपेट कव्हर, ऑइल चेंबरचं पॅकिंग, आणि नुसतं ओलसर दिसणारं पण न टपकणारं सगळं. क्रँकचं मागचं सीलही याच रांगेत, जोपर्यंत क्लचवर तेल जात नाही तोपर्यंत. दोन हजार किलोमीटरला अर्धा लीटर तेल टाकावं लागत असेल तर टाका आणि पुढच्या क्लचच्या कामाची वाट बघा.

सॉलिड फ्रंट ॲक्सलच्या गाड्यांत एक वेगळा प्रकार दिसतो. जुनी लँड क्रूझर, निसान पेट्रोल, सुझुकी जिम्नी या घराण्यांत पुढच्या चाकामागे एक गोल हाउसिंग असतं, त्यात जॉइंट आणि ग्रीस. आतलं ॲक्सल सील गेलं की डिफरन्शियलचं तेल त्या ग्रीसमध्ये मिसळतं आणि पातळ काळा रस्सा बाहेरच्या वायपर सीलमधून चाकावर ओघळतो. फक्त बाहेरचं सील बदलून हे थांबत नाही. आतलं सील, जॉइंटची सफाई, नवं ग्रीस, किंगपिनची बेअरिंग आणि व्हील बेअरिंग असं ते एकच मोठं काम आहे. मात्र जुन्या लँड रोव्हरमध्ये या हाउसिंगमध्ये मुळात तेलच भरलेलं असायचं, नंतरच्या मॉडेलांत पातळ ग्रीस आलं. तिथे तेल दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

५. सील मोजू नका, उघडायच्या जागा मोजा

नियोजनाचा खरा भाग हा. सील स्वस्त असतं, तिथवर पोचणं महाग. त्यामुळे वहीत गळत्यांची यादी न करता उघडण्याची यादी करा. एकदा एखादी जागा उघडली की तिथलं काय काय बदलायचं, ते एकत्र लिहायचं. माझ्या वहीतले गठ्ठे असे होते:

*गिअरबॉक्स खाली आला की:* क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्सचं इनपुट सील, क्लच फोर्कचा टेकू. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे आहेत का बघा. ट्रान्सफर केस सोबतच उतरत असेल तर त्या दोघांमधलं सील आणि आउटपुटची सीलही.

*टायमिंगचं कव्हर उघडलं की:* बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, क्रँकचं पुढचं सील, कॅमशाफ्टचं सील. बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर हा गठ्ठा गळती नसतानाही सगळ्यात वर. बेल्ट तुटल्यावर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. टायमिंग चेन असलेल्या इंजिनात एवढी घाई नसते, पण चेनचा खडखडाट ऐकून ठेवा.

*प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसमधून ॲक्सलकडे जाणारा दांडा) सुटला की:* क्रॉस (त्याचे सांधे), स्लिप जॉइंट, पिनियन सील, ट्रान्सफर केसचं आउटपुट सील. शाफ्ट सोडण्याआधी फ्लँज आणि शाफ्टवर रंगाची आडवी रेघ मारा आणि परत जुळवा. स्लिप जॉइंट सुटणार असेल तर तिथेही. एक दात चुकला तरी गाडी थरथरते.

*पुढचं हब उघडलं की:* वर सांगितलेला सगळा गठ्ठा, शिवाय ब्रेकचे होज पाइप. जुने होज बाहेरून धड दिसतात आणि आतून सुजून बंद झालेले असतात.

गठ्ठे झाले की प्रत्येकाला तारीख द्या, आणि दोन गठ्ठ्यांमध्ये गाडी काही दिवस चालवा. सगळं एकदम उघडलं की नंतर आलेला आवाज कुठल्या कामातून आला ते कळत नाही. माझ्या ओळखीत अर्धवट उघडलेल्या गाड्या भंगारात गेल्या आहेत. त्यांत लोखंड कमी पडलं नव्हतं, मालकाचा उत्साह संपला होता. ठरवलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा मात्र हात न लावता ठेवा. तुटलेले बोल्ट, गेलेले आटे आणि उघडल्यावरच दिसणाऱ्या गोष्टी तो खातातच.

६. पार्ट नंबर गाडीवरून काढा, आठवणीवरून नको

चेसिस नंबर हा पाया. १९८१ पासूनचा प्रमाणित व्हीआयएन (म्हणजे हाच नंबर) १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. म्हणजे गोल दिसलं की ते शून्य. त्याआधीच्या गाड्यांचे नंबर छोटे आणि ज्या त्या कंपनीच्या पद्धतीचे. कॅटलॉगमध्ये ‘अमुक चेसिस नंबरपर्यंत’ आणि ‘अमुकपासून पुढे’ अशा ओळी असतात, त्या चष्मा लावून वाचा. एकाच वर्षात मधूनच ॲक्सल किंवा गिअरबॉक्स बदललेली मॉडेलं भरपूर आहेत. जुना नंबर रद्द होऊन नवा आला असेल तर तोही वहीत शेजारी लिहा.

मोठा सापळा पुढे आहे. इतक्या वयाच्या गाडीत आधीच्या कोणीतरी इंजिन, गिअरबॉक्स किंवा अख्खा ॲक्सल बदललेला असण्याची शक्यता चांगलीच. मला पिनियन सील दोनदा परत करावं लागलं, कारण मागचा ॲक्सल दुसऱ्याच वर्षाच्या गाडीचा निघाला. ॲक्सलवरची पट्टी, हाउसिंगवर उठवलेले नंबर, इंजिन ब्लॉकवरचा नंबर असं प्रत्येक अवयवाचं नाव-गाव वेगळं लिहून घ्या.

ॲक्सल बदललेला असेल तर पुढचा-मागचा रेशो (डिफरन्शियलच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) जुळतो का तेही बघा. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, जमिनीवरच्या चाकांना उट्या घालून एक चाक उचला आणि स्टँडवर घ्या. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा. साध्या डिफरन्शियलमध्ये शाफ्टचे ते फेरे म्हणजेच रेशो. शाफ्टचे चार फेरे आणि वर थोडं भरलं तर रेशो चारच्या थोडा वर. पुढे-मागे वेगळे रेशो असलेली गाडी फोर व्हीलमध्ये टाकली की सगळी यंत्रणा एकमेकींविरुद्ध पिळली जाते. चारही टायर एका मापाचे हवेत तेही याचसाठी.

सील मात्र नंबराशिवायही मिळतं. जुन्या सीलवर बहुधा तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ४०×६२×८: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. पुसले असतील तर शाफ्ट आणि सीलची बैठक व्हर्निअरने मोजा. रबर कोणतं तेही विचारा. साधं नायट्रिल साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास काम करतं, व्हायटन २०० पर्यंत तग धरतं. क्रँक आणि टर्बोजवळ व्हायटनच घ्या. आणि प्रत्येक जागेसाठी सील दोन मागवा. पहिलं ठोकताना वाकडं जातं. माझं तर गेलंच.

७. नवं सील बसवूनही गळत असेल तर

बहुतेक वेळा सील निर्दोष असतं आणि शाफ्टवर वर्षानुवर्षांच्या घासण्याने चर पडलेला असतो. शाफ्टवर नख फिरवा. नख अडकलं की नवं सीलही गळणार. उपाय तीन: फ्लँजच बदलणं, शाफ्टवर पातळ स्टीलची दुरुस्तीची स्लीव्ह चढवणं, किंवा जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवून ओठ कोऱ्या जागी आणणं. शाफ्टच हलत असेल तर बेअरिंग गेलं आहे, आणि मग कुठलंच सील टिकत नाही.

बसवताना ओठातली स्प्रिंग तेलाच्या बाजूला. ओठाला थोडं तेल किंवा ग्रीस लावा, नाहीतर पहिल्या मिनिटाला कोरडा जळतो. अपवाद पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) सीलचा: ती कोरडीच बसवायची असतात, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. सील सरळ ठोका, सगळ्या कडेवर सारखा दाब येईल असा मोठा सॉकेट ठेवून.

पिनियन सील करताना नटाची, फ्लँजची आणि पिनियनची जागा रेघ मारून नोंदवा, उघडे दिसणारे आटे मोजा. बऱ्याच ॲक्सलमध्ये नटाखाली दबणारी स्लीव्ह असते. नट मूळ जागेपेक्षा जास्त आवळला की ती दबते आणि नट सैल करून पूर्ववत होत नाही, नवीच घालावी लागते. ‘घट्ट म्हणजे चांगलं’ हा नियम इथे डिफरन्शियल खातो.

सिलिकॉन सीलंट बोटभर थापू नका. आत पिळून आलेला तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल: काही द्रवं रबर थोडं फुगवतात आणि कडक झालेल्या सीलची पाझर कमी होतेही. चर पडलेल्या शाफ्टवर ती काही करत नाहीत. रेडिएटरमध्ये टाकायची भुकटी तर मी टाळतोच, ती हीटरच्या बारीक नळ्याही तितक्याच मन लावून बुजवते.

८. तेल भरताना

ड्रेन प्लग उघडण्याआधी फिलर प्लग उघडतो का बघा. फिलर गंजून बसला असेल आणि तुम्ही तेल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी जागची हलत नाही. डिफरन्शियलमध्ये तेल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मलम असणं ठीक, कण किंवा सुया असतील तर सील बाजूला, आत बघावं लागेल.

हायपॉइड डिफरन्शियलला साधारणपणे जीएल-५ (हा गिअर ऑइलचा दर्जा) लागतं. ज्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं आहे त्यात मात्र जीएल-५ ओतू नका. काही जीएल-५ तेलांतली गंधकाची द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगांना त्रासदायक ठरतात आणि गिअर पडायलाही कुरकुर करतो. लिमिटेड स्लिप असेल तर त्याचं वेगळं तेल किंवा ॲडिटिव्ह. ब्रेकमध्ये डॉट ३, ४ आणि ५.१ एका जातीचे, ग्लायकॉलचे. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यांच्यात कधीच मिसळायचं नाही. प्लगचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे.

काढलेलं तेल डब्यात बंद करून पुनर्वापरासाठी द्या. कूलंट उघड्यावर ठेवू नका, ते गोड लागतं म्हणून जनावरं पितात आणि मरतात.

९. गाडीखाली शिरण्याआधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. स्टँड लावा, उट्या लावा, गाडी हलवून बघा, मग आत. फोर बाय फोरमध्ये आणखी एक धोका आहे. काही गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो. लँड रोव्हरच्या जुन्या ‘सिरीज’ गाड्यांत आणि जुन्या डिफेंडरमध्ये तो ट्रान्सफर केसच्या मागे आहे. अशा गाडीचं एकच मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. मागचा शाफ्ट काढला तर हँडब्रेक उरतच नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरमध्ये ठेवल्याचाही उपयोग नाही. उट्या, दोन्ही बाजूंनी, दर वेळी.

१०. काम झाल्यावर

पहिले पन्नास किलोमीटर झाले की प्रत्येक उघडलेल्या जागेखाली हात फिरवा, तेलाच्या पातळ्या बघा, शाफ्टचे आणि चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. पाचशे किलोमीटरला तेच पुन्हा. वहीत तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर, कोणतं तेल किती लीटर हे लिहा, आणि पुठ्ठा दर महिन्याला एक रात्र टाकत राहा. जुन्या पुठ्ठ्यावर तारीख घालून जपून ठेवलात तर डाग वाढतोय की तेवढाच आहे हे शेजारी ठेवून बघता येतं. माझ्याकडे सध्या दोन डाग आहेत. एक क्रँकच्या पुढच्या सीलचा, तो टायमिंग बेल्टच्या तारखेची वाट बघतोय. दुसरा कुठला आहे ते पावडर मारून या आठवड्यात शोधायचं आहे.